योजना देवाची, दोर यहूदाचा

वल्हांडणाच्या रात्री जेवता जेवता येशू म्हणाला की या पंगतीतलाच एक जण मला शत्रूच्या हाती देणार आहे. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे चारांतल्या बहुधा सगळ्यांत जुन्या वृत्तान्तात, तो पुढे एकाच दमात दोन गोष्टी बोलतो. मनुष्याच्या पुत्राचं काय व्हायचं ते शास्त्रात आधीच लिहिलेलं आहे, ही पहिली. ज्याच्या हातून ते घडेल त्याची धडगत नाही, तो जन्मालाच आला नसता तर बरं झालं असतं, ही दुसरी.

पहिलं वाक्य ऐकून आपण सैलावतो. विधिलिखित होतं, झालं. तो एक जण म्हणजे येशूचा शिष्य यहूदा इस्कर्योत; त्याने तरी काय करावं? दुसरं वाक्य तसं सैलावू देत नाही. दोहोंमध्ये एक ‘पण’ घालून मार्क पुढे निघून जातो. त्या ‘पण’चा उलगडा करायला तो थांबत नाही, आणि येशूही थांबत नाही.

अडचण कुणालाही कळेल अशी आहे. माणसांच्या तारणासाठी येशूचं मरण देवाने योजलं असेल, तर त्या मरणाकडे नेणारा विश्वासघातही योजनेतच आला. मग दोषी कोण? या प्रश्नाचा इतिहास चाळताना मला एक सवय सतत दिसत राहते. विश्वासघात योजनेला लागतो, म्हणून दोष नेमका तिथे ठेवला की बोट देवाकडे वळतं. ते टाळायचं तर दोष थोडा पलीकडे, योजनेला ज्याची गरज नव्हती अशा ठिकाणी नेऊन ठेवावा लागतो: यहूदाच्या लोभात, त्याच्या गळ्यातल्या दोरात, शेवटी त्याच्या वंशात. युक्ती काही काळ चालते, आणि तिची किंमत पुष्कळदा कुणीतरी तिसराच मोजतो.

पेच येशूच्याही आधीचा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाला त्याचे भाऊ व्यापाऱ्यांना विकतात. भाव चांदीची वीस नाणी. मारण्याऐवजी विकू या ही कल्पना यहूदा नावाच्याच भावाची. पुढे मिसर देशात योसेफ अधिकारावर बसतो, दुष्काळात हेच भाऊ धान्यासाठी त्याच्या दारी येतात, आणि तो त्यांना सांगतो की तुम्ही माझं वाईट योजलं होतं, देवाने त्याच गोष्टीतून पुष्कळांचे प्राण वाचवायचं योजलं. एकच कृत्य, हेतू दोन. पण योसेफ भावांना क्षमा करतो, म्हणून दोषाची चौकशी तिथे फार लांबत नाही. निर्गमाच्या पुस्तकात ती टोकदार होते. मिसरचा राजा फारो याचं मन कधी देव कठोर करतो, कधी फारो स्वतःच; मजकूर दोन्ही गोष्टी निःसंकोच सांगतो. हे लिहिणाऱ्यांना त्यात विसंगती वाटत नव्हती. ती नंतरच्या वाचकांना, त्यातही ग्रीक तर्कशास्त्र शिकलेल्यांना, वाटू लागली.

पौलाची पत्रं शुभवर्तमानांच्या आधीची, पहिल्या शतकाच्या मध्यातली. त्यांत यहूदाचं नावही नाही. येशूला ज्या रात्री धरून देण्यात आलं ती रात्र पौलाला ठाऊक आहे. देवाने स्वतःच्या पुत्राला आपल्यासाठी देऊन टाकलं, असं तो एका ठिकाणी लिहितो. पुत्राने स्वतःला दिलं, असं दुसऱ्या ठिकाणी. मधला माणूस कोण, हा प्रश्न त्याच्यापुढे नाहीच.

मार्कमध्ये तो माणूस येतो, पण रिकाम्या हातांनी. यहूदा आपण होऊन मुख्य याजकांकडे जातो. ते खूश होऊन पैसे देऊ म्हणतात. का गेला, याबद्दल अवाक्षर नाही, आणि चुंबनाच्या खुणेने येशूला ओळखवून दिल्यावर तो कथेतून नाहीसा होतो. मत्तयाला हे पुरत नाही. त्याचा यहूदा आधी विचारतो, किती द्याल? उत्तर येतं, तीस. (मराठी पवित्र शास्त्राच्या जुन्या आवृत्त्यांत हे ‘तीस रुपये’ आहेत.) हा आकडा जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातला आहे आणि त्याच्याही मागे निर्गमातला एक नियम दिसतो: कुणाच्या बैलाने दुसऱ्याच्या दासाला हुंदडून मारलं तर मालकाला द्यायची भरपाई तीस शेकेल. लूक सांगतो की यहूदात सैतान शिरला. योहान त्याला सरळ चोर ठरवतो. शिष्यांची पैशांची थैली त्याच्याकडे होती आणि तो तिच्यात हात घालत असे. हे चार वृत्तान्त सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या क्रमाने वाचले की यहूदाकडे कारणांची भर पडत जाते. मला यात कथाकारांची हौस कमी आणि अस्वस्थता जास्त दिसते. मार्कने मोकळी सोडलेली जागा कुणालाच बघवत नव्हती.

तरी योहानानेच सगळ्यांत अवघड प्रसंग लिहून ठेवला. येशू भाकरीचा तुकडा बुडवून यहूदाला देतो, तो घेताच सैतान त्याच्यात शिरतो, आणि येशू म्हणतो, करायचंय ते लवकर कर. देणारा येशू, शिरणारा सैतान, उठून बाहेर पडणारा यहूदा. जबाबदारीचे तीन धागे चार ओळींत एकमेकांत गुंतलेले. चोर म्हणून मोकळं होण्याची सोय योहानाने दिली होती, ती त्याने स्वतःच या प्रसंगात मोडीत काढली.

शेवटाबद्दलही एकमत नाही. मत्तयात यहूदाला पस्तावा होतो, तो निर्दोष रक्ताचा सौदा केल्याचं कबूल करून पैसे परत करायला जातो. याजक म्हणतात, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. तो नाणी मंदिरात फेकतो आणि जाऊन गळफास घेतो. त्या पैशांतून कुंभाराचं शेत घेतलं जातं, परक्यांना पुरण्यासाठी. प्रेषितांच्या कृत्यांत मात्र शेत यहूदाच विकत घेतो आणि तिथे पालथा पडून त्याचं पोट फुटतं. दुसऱ्या शतकातल्या हिएरापोलिसच्या पापियासने आणखी पुढची मजल मारली: यहूदाचं शरीर इतकं सुजलं की गाडी जाईल अशा वाटेतूनही तो जाऊ शकेना. शिक्षा जितकी किळसवाणी तितका गुन्हा स्पष्ट, असा हा हिशेब.

पेच पहिल्यांदा खणखणीत मांडला तो ख्रिस्ती माणसाने नव्हे. सेल्सस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने इ. स. १७८ च्या सुमारास ख्रिस्ती धर्मावर एक घणाघाती ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो: तुमचा येशू देव होता आणि त्याने आधीच सांगितलं की अमुक मला धरून देईल, तमुक मला नाकारेल, देवाने सांगितलं म्हणजे ते घडणं भागच होतं, म्हणजे ज्यांच्याबरोबर तो जेवला त्यांनाच त्याने पापी करून सोडलं. माणूसही आपल्या पंगतीला बसलेल्याचा घात करत नाही, तुमच्या देवाने केला. गांधारीने कुरुक्षेत्रावर कृष्णाला विचारलेला जाब ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. तिच्या प्रश्नात शोक होता, सेल्ससच्या प्रश्नात कुत्सितपणा आहे, रोख तोच.

सेल्ससचा ग्रंथ आज नाही. तो टिकला तो त्याला उत्तर देणाऱ्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताच्या पुस्तकातल्या उताऱ्यांपुरता. ओरिजेनने सुमारे सत्तर वर्षांनी, २४८ च्या आसपास, आठ भागांचं उत्तर लिहिलं आणि सेल्ससचं म्हणणं तुकड्या-तुकड्यांनी उद्धृत करत खोडलं. विरोधकाला इतक्या नेकीने जपणारे खंडनकार विरळा. भविष्य सांगणारा त्या घटनेचं कारण होत नाही, हा त्याचा मुद्दा. घटना घडणार आहे म्हणून ती सांगता येते. सांगितली म्हणून ती घडत नाही. दाखला त्याने सेल्ससच्याच घरातला घेतला. थीब्जच्या राजा लाययसला अपोलोच्या देववाणीने बजावलं होतं की मूल होऊ देऊ नकोस, झालं तर तोच तुला मारील. त्या देववाणीने लाययसवर सक्ती केली नव्हती, मूल होऊ न देणं त्याच्या हातात होतं, असं ओरिजेन दाखवतो.

मला त्याच्या या तर्कापेक्षा त्याची यहूदाविषयीची नजर जास्त भावते. नुसत्या पैशाचा लोभी असता तर त्याने नाणी परत का केली, असं तो विचारतो. त्याच्या मनात गुरूबद्दल काहीतरी उरलेलं होतं. मत्तयावरच्या भाष्यात तर ओरिजेन असंही सुचवतो की येशू आता मरणार हे कळल्यावर त्याच्या आधी परलोकात पोहोचावं आणि तिथे उघड्या आत्म्याने त्याच्यासमोर उभं राहून दया मागावी, म्हणून यहूदाने फास घेतला असेल. पुढच्या हजार वर्षांत दोराचा इतका कनवाळू अर्थ फारसा कुणी लावला नाही.

याच काळात काही ज्ञेयवादी पंथांनी गाठ भलत्याच बाजूने सोडवली. यहूदा दोषी नाहीच, खरं गुपित त्यालाच कळलं होतं, असं मानणाऱ्यांचं एक ‘यहूदाचं शुभवर्तमान’ आहे, अशी तक्रार लिओंच्या इरेनियसने १८० च्या सुमारास केली होती. इजिप्तमध्ये सापडलेली त्याची कॉप्टिक प्रत २००६ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी यहूदाला निर्दोष सोडून टाकलं. वर्षभरातच दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की त्या मजकुरातला यहूदा नायक आहे की दानव, हेच धड ठरत नाही.

लॅटिन पश्चिमेत मात्र या प्रश्नाला जो आकार आला तो हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याच्यामुळे, आणि तो कुठल्या भांडणात आला हे पाहिल्याशिवाय कळत नाही. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लिशनने ख्रिस्ती ग्रंथ जप्त करायचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेतल्या काही बिशपांनी जीव वाचवण्यासाठी शास्त्रग्रंथ शिपायांच्या हाती दिले. छळ संपल्यावर अशांना ‘हाती देणारे’ म्हणू लागले. लॅटिनमध्ये यहूदाच्या कृत्यासाठी जो शब्द तोच यांच्यासाठी. अशा माणसाने दीक्षा दिलेला बिशप आम्हाला चालणार नाही, असं म्हणत डोनॅटसच्या अनुयायांनी वेगळी चूल मांडली. शंभर वर्षं आफ्रिकेतल्या गावागावांत दोन बिशप, दोन चर्चं, आणि एकमेकांवर यहूदा असल्याचा आरोप. शेवटी सम्राटाने डोनॅटसपंथीयांना कायद्याच्या बडग्याने कॅथलिक चर्चमध्ये आणायला सुरुवात केली, आणि ऑगस्टिनने, आधी कचरत असूनही, त्याचं समर्थन केलं.

४०८ च्या सुमारास व्हिन्सेंटियस नावाच्या फुटीर बिशपला लिहिलेल्या लांबलचक पत्रात तो यहूदाकडे वळतो. पित्याने पुत्राला हाती दिलं, ख्रिस्ताने स्वतःचं शरीर दिलं, यहूदाने आपल्या प्रभूला दिलं. तिघांनी एकच केलं. मग देव न्यायी आणि माणूस दोषी का? कारण कृत्य एक असलं तरी करण्यामागचं कारण एक नव्हतं. याच काळात योहानाच्या पहिल्या पत्रावरच्या प्रवचनांतही तो हेच बोलतो: पिता आणि पुत्र यांच्या देण्यात प्रेम होतं, यहूदाच्या देण्यात घात.

इतकं नेमकं उत्तर त्यापूर्वी कुणी दिलं नव्हतं, आणि मागची सोळा शतकं बहुतेक सगळे तेच देत आले. योसेफाच्या गोष्टीतला दुहेरी हेतू ऑगस्टिनने तत्त्वाच्या पातळीवर नेला. पण पत्राचा विषय काय होता? सक्ती. शत्रूही मारतो आणि वैद्यही दुखवतो, म्हणून काय केलं याहून का केलं ते बघा, हे त्याला पटवायचं होतं. सम्राटाचे शिपाई तुम्हाला फरफटत चर्चमध्ये आणतात ते प्रेमापोटी. देवाला निर्दोष ठरवणारा तर्क त्याच पानावर शिपायांनाही निर्दोष ठरवून गेला. हे पत्र पुढे शतकानुशतकं पाखंडी लोकांवरच्या जुलमाच्या समर्थनासाठी वापरलं गेलं. किंमत मोजणारा तिसरा तो हा.

दुसरी गोष्ट ऑगस्टिनच्याच ‘देवाची नगरी’ या ग्रंथात आहे. ४१० मध्ये गॉथांनी रोम लुटलं. अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले, आणि बलात्कारानंतर जीव देणाऱ्या जुन्या कथेतल्या लुक्रेशियासारखा त्यांनी जीव का दिला नाही, असं प्रतिष्ठित रोमन विचारू लागले. ऑगस्टिन त्यांच्या बाजूने उभा राहतो. त्यांचं मन शुद्ध होतं, दोष करणाऱ्याचा. दुसऱ्याच्या पापासाठी त्यांनी स्वतःला मारावं का? आत्महत्या पापच, हे सिद्ध करायला तो यहूदाला पुढे आणतो. यहूदाने फास घेऊन आपला गुन्हा फेडला नाही, वाढवला. देवाच्या दयेची आशा सोडली आणि तारक पश्चात्तापाला जागाच ठेवली नाही.

इथे दोष हलला. चुंबनावर होता तो दोरावर गेला. दोर योजनेत नव्हता, त्याने कुणाचं तारण होणार नव्हतं, म्हणून तिथे ठेवलेला दोष निर्भेळ यहूदाचा राहतो. शेजारी पेत्र उभा होताच: त्यानेही त्याच रात्री तीनदा येशूला ओळखत नाही म्हटलं, रडला, आणि परत आला. दोघांमधला फरक पापाचा न राहता आशेचा झाला. मध्ययुगीन प्रवचनकारांनी ही तुलना इतकी घोटली की हताशा हेच यहूदाचं खरं पाप हे घराघरात पोहोचलं. बलात्कारित स्त्रियांच्या बचावासाठी आलेला मुद्दा आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती दफनभूमी नाकारण्याच्या रूढीत जाऊन बसला, हे मात्र ऑगस्टिनलाही आवडलं असतं असं वाटत नाही.

लोककथेला आशा-निराशेच्या या सूक्ष्म भेदात रस नव्हता. तेराव्या शतकात जाकोपो दा वाराझ्झेने संकलित केलेल्या ‘सुवर्णकथा’ नावाच्या संतचरित्रांत यहूदाचं आयुष्य येतं. आईला अशुभ स्वप्न पडतं, बाळाला मोशेसारखं पेटीत घालून समुद्रात सोडतात, ते इस्कर्योत नावाच्या बेटाला लागतं. मोठेपणी यहूदा नकळत बापाला मारतो, आईशी लग्न करतो, आणि सत्य कळल्यावर क्षमेसाठी येशूकडे येतो. म्हणजे लाययसचा मुलगा इडिपसच. देववाणीने सक्ती होत नाही हे दाखवायला ओरिजेनने ज्या लाययसची गोष्ट सांगितली होती, तीच हजार वर्षांनी यहूदाला नियतीच्या जाळ्यात अडकवायला वापरली गेली. वाराझ्झेने स्वतः बजावलं आहे की ही कथा सांगण्यापेक्षा टाकून दिलेली बरी. सांगितली मात्र सगळी. त्यात लोभाचा हिशेबही आहे: येशूच्या अंगावर ओतलेलं सुगंधी तेल तीनशे नाण्यांचं, यहूदाची चोरी दर शेकडा दहा, म्हणून बुडालेले तीस त्याने असे वसूल केले. दलाली वसूल करणारा यहूदा! बाजाराच्या गावांत ही गोष्ट रंगली नसती तरच नवल.

चित्रकार जोत्तोने १३०५ च्या सुमारास पादुआच्या स्क्रोव्हेन्यी कुटुंबाच्या चॅपेलमध्ये यहूदा रंगवला तो थैली घट्ट धरलेला, मागे काळा सैतान. चॅपेल बांधणाऱ्याचा बाप सावकार. त्याला कवी दान्तेने व्याजखाऊ म्हणून नरकात बसवलं आहे. त्याच दान्तेच्या नरकाच्या तळाशी सैतान यहूदाला मधल्या तोंडात चघळत असतो, बाजूच्या दोन तोंडांत सीझरचे मारेकरी ब्रूटस आणि कॅसियस.

पुन्हा आग लागली सोळाव्या शतकात. इरॅस्मसने १५२४ मध्ये माणसाच्या इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं. मार्टिन ल्यूथरने १५२५ च्या अखेरीस उत्तर दिलं, आणि यहूदा त्यात जागोजाग आहे. देवाला आधीच ठाऊक होतं की यहूदा घात करील, तर यहूदा घात करणारच होता. आपली इच्छा बदलणं त्याच्या हातात नव्हतं. मात्र त्याला कुणी ढकललं नाही, त्याने ते राजीखुशीने केलं. अटळपणा आणि बळजबरी या ल्यूथरच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. ओरिजेनला हे ऐकून ग्लानी आली असती.

त्याहून उघड वाक्य त्याच्या तरुण सहकाऱ्याने, फिलिप मेलांख्थॉनने, आधीच लिहिलं होतं. रोमकरांस पत्रावरची त्याची टिपणं १५२२ मध्ये छापली गेली. छापली ती ल्यूथरने, मित्राला न विचारता, आणि चोरी केल्याचं प्रस्तावनेत हसत कबूलही केलं. मेलांख्थॉनला ती वही बाहेर जाऊ द्यायची नव्हती. त्यात होतं की देव सगळं नुसतं होऊ देत नाही, स्वतः करतो. पौलाला बोलावणं जसं देवाचं काम, तसा यहूदाचा विश्वासघातही देवाचंच काम. दीड हजार वर्षं सगळे जे वाक्य टाळत आले ते या पंचविशीतल्या विद्वानाने लिहून टाकलं. त्याने ते लवकरच सोडूनही दिलं. ल्यूथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीत, जिचा मसुदा त्याचाच, पापाचं कारण दुष्टांची इच्छा आहे, देव नाही, असं स्वतंत्र कलम आहे. पण छापलेलं परत घेता येत नाही. १३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने जवळजवळ त्याच शब्दांना बहिष्कार घातला: यहूदाचा घात हे पौलाच्या पाचारणाइतकंच देवाचं स्वतःचं काम आहे असं जो म्हणेल तो शापित. देव वाईट घडू देतो, करत नाही, ही रोमची अधिकृत भूमिका ठरली.

प्रोटेस्टंट धर्मसुधारक काल्व्हिनला ‘घडू देणं’ ही पळवाट वाटे. जगाचा राजा दुरून बघत बसतो का? तो ऑगस्टिनच्या त्याच पत्रातला तोच तर्क उचलतो, आणि जोडीला एक दाखला देतो: उन्हात प्रेत कुजतं, दुर्गंधी सुटते, म्हणून कुणी सूर्याच्या किरणांना घाण म्हणत नाही. दाखला चलाख आहे, पण प्रेत उन्हात कुणी ठेवलं, हे विचारायचं राहतंच. कॅथलिकांमध्येही शांतता नव्हती. स्पेनचा येशूसंघीय लुईस दे मोलिना याने १५८८ मध्ये सुचवलं की कुठल्या परिस्थितीत कोण स्वतंत्रपणे काय करील हे देवाला ठाऊक असतं, आणि परिस्थिती तो त्यानुसार रचतो. डॉमिनिकन पंथीय भडकले. रोममध्ये चौकशी १५९८ ते १६०७ चालली आणि निवाड्याविना संपली; दोन्ही बाजूंनी एकमेकांना पाखंडी म्हणू नये, एवढं ठरलं.

ही भांडणं चालू असतानाच यहूदाची कथा मराठी ओवीत आली. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेला इंग्रज येशूसंघीय थॉमस स्टीफन्स याने लिहिलेलं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्याच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचा जन्म, दुःखभोग आणि पुनरुत्थान आहे. श्रोते होते सासष्टीतले नवख्रिस्ती, ज्यांना पोथी ऐकायची सवय होती. कर्म आणि दैव ऐकत वाढलेल्या त्या लोकांपुढे असा देव ठेवायचा, ज्याला सगळं आधी ठाऊक आहे आणि तरीही माणूस जबाबदार आहे: मोलिनाच्या संघातल्या पाद्र्यासाठी हे काम सोपं नसणार.

दोषाची तिसरी जागा मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिची किंमत सगळ्यांत भयंकर. यहूदा हे नाव आणि यहूदी हा समाज. चौथ्या शतकापासून प्रवचनकार दोन्ही एक करून बोलत आले. चित्रांत त्याला पिवळा झगा आणि तांबडे केस मिळाले, थैली होतीच, आणि मध्ययुगीन यहुद्यांवर सक्तीने लादलेली खूणही अनेक ठिकाणी पिवळीच. योजना देवाची, दोष एका वंशाचा, आणि ख्रिस्ती श्रोता दोन्हींतून मोकळा. रोमच्या १५६६ च्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात याच्या उलट लिहिलेलं होतं: ख्रिस्ताला जाणूनही पाप करणाऱ्या आमचा अपराध यहुद्यांपेक्षा मोठा. पुस्तकात ते राहिलं. गुड फ्रायडेला दगड मात्र यहुद्यांच्या घरांवर पडले.

बव्हेरियातल्या ओबरआमेरगाउ गावात १६३४ पासून, नवसाचं म्हणून, साधारण दर दहा वर्षांनी येशूच्या दुःखभोगाचं नाटक होतं. १९३४ चा त्रिशतकी प्रयोग हिटलरने पाहिला, आणि पुढे यहुद्यांचा धोका दाखवणारं नाटक म्हणून वाखाणलाही. १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने जाहीर केलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सगळ्या यहुद्यांवर आणि आजच्यांवर ठेवता येणार नाही. संहिता बदलायला गावाला आणखी काही दशकं लागली. २०२२ च्या प्रयोगात यहूदा झाला तो तुर्की वंशाच्या मुसलमान कुटुंबातला गावचा तरुण. आता भर पैशावर नाही, येशू बंड करील या राजकीय आशेच्या भंगावर आहे. ही कल्पनाही जुनी. येशूला हालचाल करायला भाग पाडावं म्हणून यहूदाने हे केलं, असं इंग्रज लेखक डी क्विन्सीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, जर्मन विद्वानांचा हवाला देत, लिहिलं होतं. अर्जेंटिनाच्या बोर्हेसने १९४४ च्या एका कथेत गाठ सुरीनेच कापली: देव माणूस झाला तो येशू नव्हे, यहूदा. योजणारा आणि दोषी एकच. गोष्ट म्हणून अफलातून. प्रार्थना कुणाची करायची, हा प्रश्न उरतो.

यहूदाचं शुभवर्तमान गाजत होतं त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००६ रोजी, पोप बेनेडिक्ट सोळावे यहूदावर बोलले. ऑगस्टिनवर प्रबंध लिहिलेला हा माणूस. हेतूंच्या चर्चेत लोभ, आशाभंग सगळं मोजून ते शेवटी हताशेवरच आले. त्यांनी यहूदाला नरकात टाकलं मात्र नाही. देवाच्या जागी बसून निवाडा करणं आपलं काम नाही, असं म्हटलं. कॅथलिक चर्चकडे संत घोषित करण्याची पद्धत आहे, नरकवासी घोषित करण्याची नाही, त्यामुळे दान्ते काहीही म्हणो, यहूदाचा अधिकृत निकाल लागलेलाच नाही.

त्याच भाषणात बेनेडिक्ट मत्थियाकडे वळले. यहूदाची जागा भरायला पेत्र उभा राहिला, तीनदा नाकारलेला पेत्र. शास्त्रात लिहिलेलं पूर्ण होणं भाग होतं, असं यहूदाबद्दल सांगून त्याने लगेच नव्या माणसाची अट घातली: सुरुवातीपासून आपल्याबरोबर वावरलेला हवा. यहूदालाही ती लागू पडली असती. दोन नावं निघाली, योसेफ बर्सबा आणि मत्थिया. इथपर्यंत माणसांनी केलं. मग त्यांनी प्रार्थना केली, तूच दोघांतला कोण ते दाखव म्हणून, आणि चिठ्ठ्या टाकल्या.